बारा टक्क्यांची सवय : निवृत्तीच्या आर्थिक नियोजनाची पार्श्वभूमी

निवृत्तीसाठी स्वतः गुंतवणूक करावी लागते, ही कल्पना महाराष्ट्रातील पगारदार मध्यमवर्गात फार जुनी नाही. सरकारी नोकराला पेन्शन होती आणि कारखान्यातील कामगाराला १९५२च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी मिळाला होता. हा ‘फंड’ म्हातारपणासाठी असला, तरी पुष्कळ घरांत त्याचा हिशेब मुलीचे लग्न, गावच्या घराची दुरुस्ती किंवा ब्लॉकची रक्कम असाच मांडला जाई. कंपनीतून निवृत्त होणाऱ्याच्या हाती एकरकमी पैसे येत, दरमहाचे उत्पन्न मात्र येत नसे. ही उणीव ओळखून १९९५ साली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आली खरी, पण वेतनमर्यादेला बांधलेले तिचे निवृत्तिवेतन घर चालवण्याइतके कधीच नव्हते.

ज्यांना नोकरीतून असा आधार नव्हता, त्यांच्यासाठी १९६८ साली सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, सुरू झाला. १९८६पासून जानेवारी २०००पर्यंत त्यावर सलग १२ टक्के व्याज मिळत राहिले, आणि माझ्या मते एका पिढीचा गुंतवणुकीविषयीचा स्वभाव या चौदा वर्षांनी घडवला. १२ टक्क्यांच्या चक्रवाढीने एकदा ठेवलेली रक्कम १५ वर्षांत सुमारे साडेपाचपट होते. त्यामुळे दरवर्षी मार्चअखेरीस पोस्टात किंवा बँकेत जाऊन भरणा केला की नियोजन संपले, असे वाटणे स्वाभाविक होते. १९९१ साली महागाईचा दर १३ टक्क्यांच्याही वर गेला होता, म्हणजे त्या वर्षी हे १२ टक्केही प्रत्यक्षात तोट्याचेच होते, ही गोष्ट पासबुकात दिसत नसे. पुढे २००३च्या मार्चपर्यंत दर ८ टक्क्यांवर उतरला आणि एप्रिल २०२०पासून तो ७.१ टक्के आहे. या दराने तीच रक्कम १५ वर्षांत तीनपटही होत नाही.

याच सुमारास दुसरा एक भरवसा ढासळला. युनिट ट्रस्ट या सरकारी गुंतवणूक संस्थेची १९६४ सालची यूएस-६४ ही योजना शेअर बाजारात पैसे गुंतवत होती, परंतु युनिटची किंमत बाजारमूल्यावरून न ठरता संस्थेकडून जाहीर होई आणि लाभांश नेमाने येई. त्यामुळे अनेक निवृत्तांनी ती मुदत ठेवीसारखीच मानली होती. जुलै २००१मध्ये युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवण्यात आली, तेव्हा सरकारी संस्था आणि सरकारी हमी यांतील अंतर लोकांना प्रथमच कळले. सरकारने पुढे लहान गुंतवणूकदारांना सावरून घेतले, मात्र त्या काही महिन्यांची धास्ती बरीच वर्षे टिकली.

शेअर बाजाराकडे वळावे, तर तेथेही दीर्घ मुदत म्हणजे किती, हा प्रश्न होताच. एप्रिल १९९२मध्ये सेन्सेक्स ४,४००च्या वर होता आणि अकरा वर्षांनी, २००३च्या एप्रिलमध्ये, तो ३,०००च्या आसपास होता; जानेवारी २००८मध्ये मात्र त्याने २१,०००चा टप्पा ओलांडला. लाभांश बाजूला ठेवला, तर १९९२च्या शिखरावर एकरकमी पैसे घालून २००३मध्ये निवृत्त झालेल्याच्या हाती मुद्दलही पुरते आले नसते. उलट, त्याच मंदीत दरमहा थोडे थोडे घेत राहून २००८च्या आरंभी बाहेर पडलेल्याची चांगली चंगळ झाली असती. दोघांचा संयम सारखाच होता, फरक पडला तो निवृत्तीच्या तारखेने आणि पैसे घालण्याच्या पद्धतीने. निवृत्ती जवळ येताना शेअरमधील वाटा टप्प्याटप्प्याने कमी करावा, हा आज सर्रास दिला जाणारा सल्ला याच जोखमीवरचा उपाय आहे.

हे सारे घडत असतानाच केंद्र सरकारने १ जानेवारी २००४पासून आणि महाराष्ट्र सरकारने १ नोव्हेंबर २००५पासून नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. अखेरच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची खात्री गेली आणि तिच्या जागी बाजारावर अवलंबून असलेले अंशदान आले. बारा टक्क्यांची सवय मोडत होती, त्याच काळात हा बदल झाल्याने तो अधिक बोचला असावा. मार्च २०२३मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला, आणि १ एप्रिल २०२५पासून केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना २५ वर्षांच्या सेवेनंतर सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी देणारा पर्याय पुन्हा उपलब्ध करून दिला. खासगी नोकरीत असलेल्यांना तसा पर्याय नाही.