जिनिंगमधला जुना ड्युअल कोअर : दोन गिगाहर्ट्झ कसे पुरतात?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काट्याच्या पावत्या आणि गाठींचा हिशेब अजून एका जुन्या सर्व्हरवरच चालतो. परवा त्याचं झाकण उघडलं. धुळीपेक्षा रुईच जास्त निघाली. उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट पुसल्यावर प्रोसेसरचं नाव दिसलं : इंटेलचा सर्व्हरसाठीचा झिऑन ५१३०, २ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दोन अब्ज टिकटिकी.

"दोनच? माह्या जुन्या पेंटियमले तं तीन होते!" मालकाचा पोरगा म्हणाला.

तेव्हा सगळेच असं मोजायचे, इंटेलही. २००४ च्या प्रेस्कॉट पेंटियम ४ मध्ये एकेका सूचनेचं काम ३१ टप्प्यांत तोडलं होतं. टप्पा लहान, म्हणून घड्याळ जोरात पळायचं. पण पुढच्या सूचनेचा अंदाज चुकला की भरलेली रांग टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय चिप तापायची ती वेगळीच. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलनं पुढची टेजस चिप रद्दच केली.

एका चिपवर दोन कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे दोन मेंदू, ही कल्पना आयबीएमनं २००१ मध्येच पॉवर ४ मध्ये आणली होती. आपल्या ओळखीच्या एक्स-८६, म्हणजे पेंटियमच्याच घराण्यातल्या, सर्व्हरमध्ये ती एप्रिल २००५ ला इंटेलची स्पर्धक एएमडीच्या ऑप्टेरॉन चिपमधून आली. इंटेलची मात्र धावपळ झाली. मे २००६ चा झिऑन ५०८० ड्युअल कोअर खरा, पण आतून तीच जुनी बनावट : ३.७३ गिगाहर्ट्झ आणि १३० वॉट.

पुढच्याच महिन्यात नव्या बनावटीचा वुडक्रेस्ट झिऑन आला, आपला ५१३० त्याच घरातला. चिप घडवायचं तंत्र तेच ६५ नॅनोमीटरचं. टप्पे मात्र १४, दोन्ही कोअरमध्ये सामाईक ४ एमबी कॅश (चिपवरचीच झटपट मेमरी), १३३३ मेगाहर्ट्झची बस (चिपपासून बाहेर जाणारा डेटाचा रस्ता) आणि ६५ वॉट. एका टिकटिकीत काम जास्त, ताप निम्मा. मे महिन्यात पारा ४५ वर, लाइट गेलेली, कूलर बंद आणि डबा इन्व्हर्टरवर. तिथं हा निम्मा आकडा गिगाहर्ट्झपेक्षा मोठा.

रॅमनं मात्र घाम काढला. पोरानं अमरावतीहून साधी डीडीआर-२ आणली. पिना तेवढ्याच, २४०, पण खाच भलत्या जागी, बसेचना. या बोर्डाला एफबी-डीम लागते, पट्टीवर स्वतःची बफर चिप असलेली. तीही तापते, म्हणून वर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. शेवटी भंगारात निघालेल्या एका सर्व्हरच्या दोन पट्ट्या काढून बसवल्या.