बायबलचा अधिकार

श्रद्धा आणि आचरण यांबाबत बायबल प्रमाण आहे, असे सांगणारा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील सिद्धान्त. अधिकार मुळात परमेश्वराचा. तो या लेखनातून बोलतो म्हणून ते ‘पवित्र शास्त्र’ ठरते. या पावित्र्याची खूण उपासनेतही दिसते. अनेक ख्रिस्ती परंपरांत शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा वृत्तांत) वाचले जाताना सारे उभे राहतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स उपासनेत त्या ग्रंथाचे चुंबन घेतले जाते.

सिद्धान्ताचा गाभा म्हणजे ईश्वरप्रेरणा. शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे, असे बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२ तीमथ्य ३:१६) म्हटले आहे. तेव्हा नवा करार (बायबलचा येशूनंतर लिहिला गेलेला भाग) एकत्रित झालेला नव्हता, त्यामुळे तेथे रोख प्रामुख्याने यहुदी शास्त्रांकडे, म्हणजे जुन्या कराराकडे आहे. प्रेरणा म्हणजे शब्दन् शब्द सांगून लिहवून घेणे, असा अर्थ बहुतेक धर्मशास्त्रज्ञ करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेतला, असे शुभवर्तमानकार लूक आपल्या ग्रंथाच्या आरंभीच सांगतो. क्रिस्प व गायस यांच्याखेरीज कोणाचा बाप्तिस्मा केला नाही, असे आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना लिहितो. लगेच त्याला स्तेफनाचे घराणे आठवते, आणखी कोणी असल्यास ठाऊक नाही, असेही तो कबूल करतो. माणसाची आठवण, शैली आणि मर्यादा कायम ठेवूनच देव बोलतो, हा या सिद्धान्तातील सर्वांत खोल विचार होय.

कोणती पुस्तके प्रमाण, हे ठरायला काही शतके लागली. नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांशी जुळणारी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात आढळते. जुन्या कराराबाबत मात्र मतभेद राहिले: प्रोटेस्टंट बायबलमध्ये एकूण ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३.

खरा वाद अर्थ लावण्याच्या हक्काचा आहे. पोप आणि धर्मपरिषदाही चुकू शकतात, आपली सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे, अशी भूमिका जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२१ मध्ये वर्म्स येथील साम्राज्यसभेत घेतली. ‘केवळ शास्त्र’ हे प्रोटेस्टंट पंथांना जन्म देणाऱ्या धर्मसुधारणेचे सूत्र झाले. त्यात परंपरेला स्थान उरते, पण तिची पारख शास्त्राच्या कसोटीवर होते. उलट कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४६ मध्ये शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा यांचा सारख्याच भक्तिभावाने स्वीकार केला. ऑर्थोडॉक्स चर्च शास्त्राकडे परंपरेच्या अंतर्गतच पाहते.

आधुनिक काळात इतिहास आणि विज्ञान यांच्या संदर्भात अचूकतेचा प्रश्न पुढे आला. १९७८ च्या शिकागो निवेदनात इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट) अभ्यासकांनी मूळ हस्तलेख सर्वस्वी निर्दोष मानले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तारणासाठी देवाला जे सत्य नोंदवायचे होते त्यावर भर दिला. विसाव्या शतकातील स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थच्या मते येशू ख्रिस्त हाच देवाचा शब्द. बायबल त्याची साक्ष देते आणि देवाच्या कृपेने वाचकासाठी स्वतः देवाचा शब्द होते. शास्त्राचा अधिकार अखेर कशाने पटतो, याचे सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनने दिलेले उत्तर याहून जुने आहे: संदेष्ट्यांच्या मुखाने बोललेला पवित्र आत्माच वाचकाच्या अंतःकरणात साक्ष देतो, युक्तिवाद त्यापुढे अपुरा पडतो.