ॲथलेटिक्सने ओकलंड का सोडले : पार्श्वभूमी

१९०१ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेला ॲथलेटिक्स हा बेसबॉल संघ १९५५ मध्ये कॅन्सस सिटीला आणि १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडला गेला. फिलाडेल्फियातील पाच अजिंक्यपदे आता नोंदीपुरती उरली आहेत. ओकलंडमध्ये मात्र संघाने १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षे आणि पुन्हा १९८९ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलचे अजिंक्यपद, जिंकली.

ओकलंड सुटण्याचे खापर सहसा १९६६ च्या जुनाट स्टेडियमवर फोडले जाते. ते स्टेडियम खरोखरच दुरवस्थेत होते; परंतु संघाची कोंडी झाली ती दक्षिणेकडील सांता क्लारा कौंटीवरील (जिल्ह्यावरील) हक्कामुळे. मेजर लीग बेसबॉल या लीगमध्ये प्रत्येक संघाचा ठरावीक प्रदेशावर हक्क असतो आणि दुसऱ्या संघाला तेथे स्टेडियम उभारता येत नाही. १९९० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोचा संघ दक्षिणेकडे जाऊ पाहत असताना, ओकलंडच्या तत्कालीन मालकाने त्या कौंटीवरील हक्क त्या संघाला देण्यास हरकत न घेता, मोबदल्याशिवाय संमती दिली. तेथील मतदारांनी नव्या स्टेडियमसाठी पैसा देणे नाकारले, सॅन फ्रान्सिस्कोचा संघ आपल्याच शहरात राहिला आणि २००० मध्ये तेथे नव्या स्टेडियममध्ये खेळू लागला. तरीही ज्या कारणासाठी हक्क दिला होता ते कारणच संपल्यावर तो परत मिळाला नाही. पुढे ॲथलेटिक्सने त्याच कौंटीतील सॅन होजेची निवड केली, तेव्हा सौजन्याने दिलेली ही संमतीच आडवी आली. लीगने प्रश्न वर्षानुवर्षे समितीकडे ठेवला. सॅन होजे शहराने २०१३ मध्ये दावा लावला, पण बेसबॉलला १९२२ पासून मक्तेदारीविरोधी कायद्यातून असलेल्या सवलतीपुढे तो टिकला नाही आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. शेजाऱ्याचा हक्क इतक्या काटेकोरपणे जपणाऱ्या लीगने ओकलंडच्या प्रेक्षकांबाबत तीच तत्परता दाखवली, असे म्हणणे कठीण आहे.

ओकलंडच्या बंदरालगतच्या योजनेची बोलणी चालू असतानाच एप्रिल २०२३ मध्ये लास वेगासमधील जागेचा करार जाहीर झाला. जूनमध्ये, लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाने ३८ कोटी डॉलरपर्यंतचे सार्वजनिक साहाय्य मंजूर केले, आणि त्याच सुमारास, प्रेक्षकच उरले नाहीत या युक्तिवादाला उत्तर म्हणून, २७,७५९ लोक एका साध्या साखळी सामन्याला मुद्दाम आले. नोव्हेंबरमध्ये लीगमधील संघांच्या मालकांनी एकमताने स्थलांतरास मान्यता दिली आणि त्यासाठीचे शुल्कही माफ केले.

ओकलंडमधील शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाला. लास वेगासचे स्टेडियम २०२८ मध्ये खुले करण्याचे नियोजन असून, २०२५ पासून संघ सॅक्रामेंटोलगतच्या एका मायनर लीग (खालच्या स्तरावरील लीगच्या) मैदानावर, नावापुढे कोणत्याही शहराचा उल्लेख न लावता, खेळू लागला.