रूमवर घरफोडी झाली तर: फिर्याद कोण देऊ शकतो, कागद कोणते लागतात आणि पोरं कुठं अडकतात

दिवाळीची सुट्टी संपवून चंदगड, आजरा, गारगोटीकडची पोरं परत येतात आणि रूमच्या दारातच थबकतात. कुलूप लावलेलंच असतं. फक्त कोयंडा चौकटीतून उचकटलेला असतो आणि कुलपासकट लोंबत असतो. आत कपाटातले कपडे कॉटवर ओतलेले, पुस्तकांची पिशवी उलटी केलेली, टेबलावर लॅपटॉपचा चार्जर तेवढा उरलेला. कोल्हापुरात सागरमाळ, राजेंद्रनगर, राजारामपुरी आणि विद्यापीठाच्या आसपास चौघं-पाच जणं मिळून जिथं फ्लॅट घेतात, तिथं हे घडतं. अशा पोरांबरोबर मी पोलीस ठाण्यात बऱ्याचदा गेलो आहे. त्यातली निम्मी पोरं माझ्याकडे येण्याआधीच चुकीचा कागद घेऊन बसलेली असतात, म्हणून हे लिहितोय.

आधी दोन गोष्टी. आत जाऊन आवराआवर करू नका, कोयंडा बसवायला सुताराला बोलावू नका. दारातूनच फोटो काढा आणि 112 ला फोन करा. पंचनामा झाल्यावर काय करायचं ते करा.

गहाळ नव्हे, चोरी

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. ठाण्यात कुणीतरी सुचवतं, "लॅपटॉप गहाळ झाला असं लिहून द्या, लगेच शिक्का मारून मिळेल." परीक्षा तोंडावर असते, पोरं हो म्हणतात. किंवा घरी बसून पोलिसांच्या पोर्टलवर हरवलेल्या वस्तूंची नोंद करतात आणि तक्रार झाली असं समजतात. ती नोंद हरवलेल्या वस्तूंसाठी आहे, चोरीसाठी नाही. त्या कागदावर डुप्लिकेट सिम मिळेल, पण तपास होणार नाही. विमा कंपनी तो घेणार नाही. उद्या एखाद्या चोराकडे दहा लॅपटॉप सापडले, तर तुमचा कुठल्या गुन्ह्यातला, हे सांगणारा गुन्हाच नोंद नसेल.

"माल पाच हजारांच्या आतला आहे, एनसी होईल," म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद होईल, हेही ऐकायला मिळतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या साध्या चोरीला तशी सवलत आहे, हे खरं. पण राहत्या घरातल्या चोरीला कलम 305 लागतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि कुलूप तोडून आत शिरण्याला कलम 331. दोन्ही दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो, माल कितीचाही असो. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय. अर्जात "कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश करून चोरी" हे शब्द लिहा. "सापडत नाही" हा शब्द कुठंही येऊ देऊ नका.

फिर्याद कोण देऊ शकतो

तुम्ही. भाडेकरार नसला तरी, आधार कार्डावर गावाचा पत्ता असला तरी. ओळखपत्र आणि कॉलेजचं आयडी बरोबर ठेवा, तेवढं पुरतं. कराराचा कागद बहुतेक रूमवर कुणाकडेच नसतो आणि तो मागून पोरांना परत पाठवलेलं मी पाहिलंय. तेव्हा फार राग येतो, कारण गुन्हा नोंदवायला कायद्यात अशी अटच नाही. मालकही कधी कधी म्हणतात, पोलिसांत जाऊ नका. त्यांना करार नोंदवला नसल्याची भीती असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. त्यांच्याशी गोडीने बोला, पण फिर्याद थांबवू नका.

हद्द कुठली, याचीही काळजी नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे, आणि तिच्या कलम 173 प्रमाणे खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. ते ठाणं शून्य क्रमांकाने नोंद करून पुढं पाठवतं.

तीन दिवसांचा घोळ

"तीन दिवस उलटले, आता घेत नाहीत" असं म्हणून किती जणांनी नाद सोडला असेल! तीन दिवसांची मुदत वेगळी आहे. तुम्ही ऑनलाइन पद्धतीने खबर दिली, तर ती नोंदवून घेण्यासाठी तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायची असते. चोरीची तक्रार तीनच दिवसांत द्यावी, असं कुठंही नाही. सुट्टीत चोरी झाली आणि तुम्हाला बारा दिवसांनी कळली, तर तसंच लिहा: अमुक तारखेला कुलूप लावून गेलो, अमुक तारखेला परत आल्यावर दिसलं. अंदाजाने एकच तारीख ठोकून देऊ नका.

चौघांची एकच फिर्याद

फिर्यादी एक जण होतो, गुन्हा एकच नोंद होतो. गडबडीत तो स्वतःचा लॅपटॉप सांगतो आणि रूममेटची चेन राहून जाते. म्हणून ठाण्यात जायच्या आधी चौघांनी बसून एका कागदावर यादी करा: वस्तू, कुणाची, कंपनी आणि मॉडेल, सीरियल नंबर, मोबाइलचा 15 अंकी आयएमईआय, किंमत. खोकं नसेल तर बिलावर किंवा ऑनलाइन खरेदीच्या ऑर्डरमध्ये नंबर सापडतो. बिल वडिलांच्या नावावर असेल तर बिघडत नाही, "वडिलांच्या नावे खरेदी" असं लिहायला सांगा. बिल नसलेल्या दागिन्याचा अंगावर घातलेला फोटो चालतो. एखादी वस्तू नंतर लक्षात आली, तर पुरवणी जबाब द्या.

सही करण्याआधी फिर्याद पूर्ण वाचा. "जुना वापरता, किंमत अंदाजे" असं लिहिणं नेहमीचंच, त्यावरून वाद नको. सीरियल नंबर मात्र अंक अंक बोट ठेवून तपासा. प्रत मोफत मिळते, तो हक्क आहे.

नोंदच घेत नसतील, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षक, कसबा बावडा रोड, कोल्हापूर या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. भांडायला उभं राहू नका, लेखी द्या.

मोबाइल आणि मार्कलिस्ट

चोरीला गेलेला फोन बंद करायला केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फिर्यादीची प्रत लागते आणि त्याच नंबरचं नवं सिमही, कारण ओटीपी त्यावर येतो. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत. पोर्टल बिघडलंय असं समजून पोरं सोडून देतात. दुसऱ्या दिवशी परत करा. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र थांबू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका गेली असेल तर शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे दुसऱ्या प्रतीचा अर्ज करा, फिर्यादीची प्रत जोडून.

पुढं

90 दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला कळवायचं असतं. आठवण करून द्या. चोर सापडला नाही तर न्यायालयात "अ समरी" जाते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. विमा असेल तर कंपनी बहुधा हाच कागद मागते.

माल सापडला, तरी तो ठाण्यातून थेट हातात मिळत नाही. मुद्देमाल परत मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करायचा, मालकीचा पुरावा द्यायचा आणि सुपुर्दनाम्यावर, म्हणजे बोलावल्यावर हजर करीन असं लिहून देऊन, घेऊन यायचा. त्यानंतरही खटला संपेपर्यंत तो लॅपटॉप विकू नका, फॉरमॅट करायचा तर आधी न्यायालयाला विचारा. तारखेला बोलावलं की तोच लॅपटॉप, त्याच सीरियल नंबरचा, हजर करावा लागतो.