स्वतःची फांदी ओळखणारी पेशी

आमच्या इंदूरला लोकमान्य नगर, सुदामा नगर भागात हल्ली मुलांच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा अहवाल देणाऱ्यांचं पेव फुटलंय. मूल इंजिनिअर होणार की कलावंत, हे म्हणे ठशांत जन्मतःच लिहिलेलं असतं. आईबाप त्यासाठी हजारो रुपये मोजतात, याचं वाईट वाटतं. या चाचणीला विज्ञानाचा आधार नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी, तरी ठसे वेगळे. मग ठशांत जनुकं वाचणार कशी?

खरी गोष्ट कितीतरी विलक्षण आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, आणि प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम २०,०००. कुठली पेशी कुणाला जोडायची, हे एकेक करून लिहायला जनुकांत जागाच नाही. मग जनुकं करतात काय? मला सगळ्यात आवडणारं उत्तर प्रोटोकॅडहेरिन या जनुकांच्या कुटुंबात आहे.

उंदरात ही ५८ जनुकं १८ व्या गुणसूत्रावर ओळीनं बसलेली असतात. प्रत्येक चेतापेशी त्यांतली मोजकीच चालू करते, आणि ही निवड बरीचशी योगायोगावर सोडलेली असते. ५८ मधून १० निवडायची म्हटली, तरी ५,२०० कोटींहून जास्त जुळण्या होतात. निवडलेली प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात. तीच तिची ओळख. चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात. एकाच पेशीच्या दोन फांद्या टेकल्या की सगळी प्रथिनं जुळतात आणि फांद्या दूर सरकतात. शेजारणीची फांदी टेकली तर तशी जुळणी होत नाही. दोघी खुशाल एकमेकींवरून पसरतात.

डोळ्यातलं दृष्टिपटल हा गर्भात मेंदूतूनच बाहेर वाढलेला भाग. उंदरांच्या तिथल्या चांदणीसारख्या पेशींतून हार्वर्डच्या जोशुआ सेन्स यांच्या प्रयोगशाळेनं यांतली गॅमा गटाची २२ जनुकं काढून टाकली. हे काम २०१२ साली प्रसिद्ध झालं. फांद्यांचा नुसता गुंता झाला. मग २२ च्या जागी त्यांनी सगळ्या पेशींना एकच जनुक दिलं, आणि गुंता सुटला! पण आता शेजारणीही एकमेकींना टाळू लागल्या. म्हणजे प्रथिन कुठलंही चालतं, फक्त शेजारणीहून वेगळं हवं. हे वेगळेपण योगायोगातून येतं. त्यामुळे जुळ्या भावंडांतही पेशीन् पेशी सारखी निवड करील, असं नाही.

जोडण्या झाल्यावर त्यांतल्या कुठल्या बळकट होणार, हे अनुभव ठरवतो. त्याचं यंत्रही जनुकंच पुरवतात. एनएमडीए नावाचं ग्राहक-प्रथिन, म्हणजे पेशीवरचं निरोप घेणारं दार, दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या तरच उघडतं: समोरच्या पेशीकडून ग्लुटामेट हे निरोप पोहोचवणारं रसायन यायला हवं, आणि पेशी आधीच इतकी उत्तेजित हवी की दाराशी अडलेला मॅग्नेशियमचा आयन बाजूला होईल. तेव्हा कॅल्शियम आत शिरतं आणि जोडणी पक्की होते. १९९६ साली सुसुमु तोनेगावा यांच्या चमूनं उंदरांच्या मेंदूतल्या, आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ या भागापुरतं त्याचं जनुक बंद केलं. ते उंदीर नीट पोहत, समोर खूण दिसली तर तिच्याकडे जात. पण पाण्याखाली दडवलेल्या फळीची जागा त्यांना इतरांसारखी शिकता आली नाही.