स्कॉटलंडमंत्री आणि फर्स्ट मिनिस्टर: डोनाल्ड ड्यूअर यांच्या दोन खुर्च्या

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते डोनाल्ड ड्यूअर यांच्याबद्दल मराठीत लिहिलं जातं तेव्हा कुठे ते 'स्कॉटलंडचे सचिव' असतात, तर कुठे 'स्कॉटलंडचे पहिले मुख्यमंत्री'. दोन्ही एकाच वाक्यात आले की वाचणाऱ्याला वाटतं, गृहस्थांना बढती मिळाली. प्रत्यक्षात ही लंडनच्या आणि स्कॉटलंडच्या अशा दोन सरकारांतली दोन पदं आहेत, आणि ती आजही शेजारी-शेजारी चालू आहेत.

आधी 'सचिव' काढून टाकू. आपल्याकडे सचिव म्हणजे मंत्रालयातला सनदी अधिकारी. 'सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर स्कॉटलंड' हा मात्र लंडनच्या मंत्रिमंडळातला मंत्री असतो. जुन्या मराठी वर्तमानपत्रांनी हा घोळ घातला नव्हता: लंडनमध्ये भारताचं खातं सांभाळणाऱ्या मोंटेग्यूंना ती 'भारतमंत्री' म्हणत. त्याच चालीवर हा स्कॉटलंडमंत्री. त्याला पंतप्रधान नेमतो, पंतप्रधानच काढतो. स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरोत, जी संसद आहे तिच्यात बहुमत कुणाचं आहे, याच्याशी त्याच्या नेमणुकीचा संबंध नाही.

मे १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांनी ड्यूअर यांना हे पद दिलं तेव्हा त्याचं वजन मोठं होतं. स्कॉटलंडमधली इस्पितळं, शाळा, पोलीस, घरबांधणी हे सगळं त्यांच्या खात्यात येत होतं. त्यांनी ते हातातून सोडून स्कॉटलंडच्या नव्या संसदेकडे सोपवायचं काम केलं. जुलै १९९७ मध्ये श्वेतपत्रिका निघाली आणि ११ सप्टेंबरला सार्वमत झालं. संसद हवी म्हणणारे ७४.३ टक्के निघाले, तिला कर बदलण्याचा अधिकार हवा म्हणणारे ६३.५ टक्के. मग १९९८ चा स्कॉटलंड कायदा आला. त्याचं पहिलंच वाक्य, 'स्कॉटिश संसद असेल.' कायद्याच्या भाषेत इतकं सुटसुटीत वाक्य क्वचितच सापडतं.

फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारचा प्रमुख, हे पद याच कायद्यातून जन्मलं. निवडणूक झाली की २८ दिवसांत संसदेने आपल्यातलाच एक सदस्य मतदानाने सुचवायचा आणि राजाने (तेव्हा राणीने) त्याला नेमायचं. मुदतीत नाव ठरलं नाही तर पुन्हा निवडणूक. ६ मे १९९९ च्या निवडणुकीत १२९ पैकी ५६ जागा मजूर पक्षाला मिळाल्या. बहुमत नव्हतं, म्हणून १७ जागांच्या लिबरल डेमोक्रॅट्सशी युती झाली आणि १३ मे रोजी ७१ मतांनी ड्यूअर निवडून आले. लंडनमधली त्यांची जागा जॉन रीड यांनी घेतली. १ जुलैला अधिकार प्रत्यक्ष हस्तांतरित झाले. एडिंबरोतलं ब्यूट हाऊस, जे आधी स्कॉटलंडमंत्र्याचं निवासस्थान होतं, तेही फर्स्ट मिनिस्टरकडे गेलं. लंडनच्या व्हाइटहॉलमधलं डोव्हर हाऊस मंत्र्याकडे राहिलं.

पुढे मंत्र्याचं काम इतकं आटलं की २००३ नंतर काही वर्षं ते जोडकाम झालं. अॅलिस्टेअर डार्लिंग वाहतूक खात्याबरोबर ते सांभाळत, डेस ब्राउन संरक्षणाबरोबर.

इथे मराठी वाचकाला राज्यपाल-मुख्यमंत्री ही जोडी आठवते आणि चुकायला सुरुवात होते. फर्स्ट मिनिस्टरला मुख्यमंत्री म्हणणं बरंचसं चालतं. पण स्कॉटलंडमंत्री राज्यपाल नव्हे. तो उघडउघड पक्षाचा माणूस असतो, एडिंबरोत कुणाला शपथ देत नाही आणि विधेयकांवर सहीही करत नाही. संमती थेट राजगादीकडून येते. मात्र १९९८ च्या कायद्याच्या कलम ३५ खाली तो विधेयक संमतीला जाण्याआधीच रोखू शकतो. त्यासाठी लंडनकडे राखून ठेवलेल्या विषयांतल्या कायद्याच्या अंमलावर प्रतिकूल परिणाम होईल, असं मानायला सबळ कारण लागतं (आंतरराष्ट्रीय करारांचा भंग हे दुसरं कारण). हे कलम २४ वर्षं कुणी वापरलं नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये तेव्हाचे स्कॉटलंडमंत्री अॅलिस्टर जॅक यांनी लिंगओळख सुधारणा विधेयकावर (कायद्याने लिंगओळख बदलणं सोपं करणारं) ते पहिल्यांदा वापरलं. विधेयक ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झालेलं होतं, तरी ते तिथेच अडकलं. स्कॉटिश सरकार न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये हरलं.

बातमी वाचताना कोणता माणूस कोणता हे ओळखायचं असेल तर तो उत्तरं कुठे देतो ते बघावं. गुरुवारी दुपारी बारा वाजता एडिंबरोत प्रश्नांना तोंड देतो तो फर्स्ट मिनिस्टर. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे लंडनच्या संसदेत, काही आठवड्यांनी एकदा, बुधवारी, पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांच्या आधी अर्धा तास उभा राहतो तो स्कॉटलंडमंत्री. जुन्या बातमीत तारीख महत्त्वाची: १९९९ च्या आधीची असेल तर शाळा-इस्पितळांबद्दल बोलणारा मंत्रीच.

ड्यूअर फर्स्ट मिनिस्टर झाल्यावरही लंडनच्या संसदेत खासदार राहिले होते. ११ ऑक्टोबर २००० रोजी ते पदावर असतानाच वारले, तेव्हा ग्लासगोतल्या त्यांच्या अॅनिसलँड मतदारसंघातल्या मतदारांना २३ नोव्हेंबरला एकाच दिवशी दोन पोटनिवडणुकांत मत द्यावं लागलं, एक लंडनच्या संसदेसाठी आणि एक एडिंबरोच्या. फर्स्ट मिनिस्टरपदी हेन्री मॅक्लीश आले. जॉन रीड स्कॉटलंडमंत्री होते, ते होते तिथेच राहिले.