घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय?

‘ढाराढूर झोपलाय, घोरतोय बघा कसा!’ हे कौतुक घरोघरी ऐकू येतं. पण घोरणं हा गाढ झोपेचा पुरावा नव्हे. अरुंद झालेल्या घशातून हवा जाताना तिथला मऊ भाग थरथरतो, त्याचा तो आवाज. नुसतं घोरणं बहुतेकदा निरुपद्रवी. पण आवाज मध्येच बंद, मग एकदम गुदमरल्यासारखा श्वास, असं होत असेल तर स्लीप ॲप्नियाची शंका घ्यावी. यात श्वास 10 सेकंद किंवा जास्त अडतो, रात्रभर पुन्हापुन्हा. सकाळी घोरणाऱ्याला काहीच आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, म्हणून डॉक्टरांकडे त्यांनाच सोबत न्या. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, गरजेप्रमाणे सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) हे उपाय. दारू किंवा मनानेच घेतलेली झोपेची गोळी मात्र घसा आणखी सैल करते.